अप्पांचं नंदनवन

आमच्या कॉलनीत कुणी घर विचारत आलं आणि त्याला भानुदासअप्पा भेटले, तर तो माणूस त्या दिवशी काही घरी पोचत नाही. कारण अप्पा पत्ता सांगतात तो कॉलनी जशी होणार आहे, तिचा. "असं करा, बगिच्यापसून डाव्या हाताला वळा. मंदिर लागंल. मंदिराच्या मागं पाण्याची टाकी हाय. टाकीच्या म्होरं शाळेतल्या बाईंचं घर." ऐकायला किती सोपं. पण बगिचा म्हणजे 'उद्यानासाठी राखीव' अशी पाटी ठोकलेलं बाभळीचं रान, मंदिर म्हणजे खडीचा ढीग, आणि टाकी अजून प्लॉटिंगवाल्याच्या नकाशातच आहे. आमचा गॅसवाला या पत्त्यावर भर उन्हात सिलिंडर घेऊन फिरला आणि शेवटी चिडून परत गेला. घरात भात अर्धवट शिजलेला.

मी तणतणत अप्पांकडं गेले.

"अप्पा, कुठंय तुमचा बगिचा?"

"होणार हाय की."

"होणार आहे. पण आज नाही ना."

"बाई, होणार म्हंजी हायच. पोटात लेकरू असलं तरी आपण घरात लेकरू हाय असंच वागतो का न्हाई?"

आता या माणसाशी वाद घालून कोण जिंकणार? मी दिवसभर शाळेत चौथीच्या पोरांशी डोकं लावते, पण अप्पांपुढं हात टेकले. त्या दिवशी आम्ही दहीपोहे खाल्ले.

नंदनवन कॉलनी हे आमच्या वस्तीचं नाव. केजच्या बाहेर, जिथं घरं संपतात आणि तुरीची रानं सुरू होतात, तिथं. ज्यानं हे नाव ठेवलं त्याचं तोंड मला एकदा बघायचंय. आम्ही राहायला आलो तेव्हा इथं विजेचे खांब होते, रस्त्यावर टाकलेला मुरूम होता आणि अप्पा होते. बाकी सगळा आनंदी आनंद.

अप्पा आणि त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी, उभं आयुष्य ऊस तोडला. दिवाळी झाली की भांडी-अंथरुणं गाडीत भरायची, कारखान्याच्या मुलखात जायचं, फडाशेजारी खोपी घालायची आणि उन्हाळ्यात परत यायचं. त्यातच पोरगं शिकलं, पुण्याकडं कंपनीत लागलं. त्यानं इथं प्लॉट घेऊन आईबापाला दोन खोल्या बांधून दिल्या. वास्तुशांत झाली, जेवणं झाली, गयाबाई चार दिवस राहिल्या आणि "करमत न्हाई" म्हणून नांदूरघाटला आपल्या जुन्या घरी निघून गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. अप्पा मात्र इथंच थांबले. लेकानं बांधलेल्या घराला कुलूप लावायचं त्यांच्या जिवावर आलं. गयीला इथं आणायची, एवढं एकच त्यांनी डोक्यात घेतलं. आणि ती का गेली याचं कारणही त्यांनी स्वतःच काढलं.

"सोयी न्हाईत, बाई. म्हणून गेली," ते मला म्हणाले. "बाईमाणसाला गिरणी लागती, भाजीवाला लागतो, येयाजायाला गाडी लागती. फडावर गिरणी लई लांब असायची. दिसभर मोळ्या वाहायच्या आन सांजच्याला डोक्यावर दळण घिऊन चालायचं. कधी बरावाईट शब्द काढला न्हाई तिनं. तवाच म्या तिला म्हणलतो, पक्क्या घरात ऱ्हायला गेलो की समदं दाराम्होरं आणून ठिवीन."

झालं. त्या दिवसापासून अप्पा कॉलनीच्या मागं हात धुऊन लागले.

पहिला नंबर जीपचा. केजच्या बाजूनं जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जिपा आमच्या फाट्यावर थांबायच्या नाहीत. अप्पा सकाळ-संध्याकाळ फाट्यावर उभे राहायला लागले. हात करायचे, जीप करकचून थांबायची, ड्रायव्हर म्हणायचा, "बसा काका." अप्पा म्हणायचे, "मला कुटं जायाचं न्हाई. थांबायची सवय ठिव." दुसरा कुणी असता तर शिव्या खाल्ल्या असत्या. त्यांनीही खाल्ल्याच. पण काही महिन्यांत जिपा आपोआप थांबायला लागल्या, हे खरं. काही ड्रायव्हर तर अप्पा दिसले नाहीत तर तब्येत विचारायचे.

मग भाजीवाली. चार घरांसाठी एवढ्या लांब पाटी घेऊन कोण येणार? ती एकदा आली, तर परत यावी म्हणून अप्पांनी पाटीत उरलेली सगळी मेथी एकट्यानं घेतली. मग दारोदार वाटत फिरले. "घ्या बाई, न्हाईतर ती उद्या येयाची न्हाई." त्या आठवड्यात कॉलनीत मेथीशिवाय दुसरा वास नव्हता. आमचे हे म्हणाले, "अप्पांना सांग, पुढच्या वेळी भेंडीवाली धरा."

रस्त्यावरचे दिवे लागावेत म्हणून त्यांनी इतके खेटे घातले की कचेरीतला शिपाई त्यांना बघितल्यावर काम न विचारता चहाच सांगायचा. दिवे लागले. आणि शेवटी, सगळ्यात मोठी गोष्ट, गिरणी आली. एका भल्या माणसानं अप्पांच्या नादी लागून पत्र्याच्या शेडमध्ये टाकली. आता ती बंद पडू नये याची काळजी अप्पांना. रोज सकाळी आमच्या दारात हजर. "बाई, दळण?" परवाच दळलंय म्हटलं तर म्हणायचे, "मग आज थोडंच द्या." घरात पिठाचे डबे तुंबले. ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरी थापताना चिरते. त्या दिवसांत आमच्याकडं एकही भाकरी धड गोल झाली नाही.

प्रत्येक सोय आली की अप्पा गयाबाईंना फोन लावायचे. मोबाईल तोंडासमोर आरशासारखा धरून, अंगणात उभं राहून, स्पीकरवर. त्यामुळं ते बोलणं आमच्या सगळ्यांच्या मालकीचं असायचं.

"गये, गिरणी आली."

"बरं."

"पार दारात म्हण की. हितून दिसती."

"बरं झालं."

"मग येतीस का?"

"बघू."

आणि एक दिवस त्या खरंच बघायला आल्या. ठेंगणी मूर्ती, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. अप्पांनी त्यांना फाट्यापासूनच दाखवायला सुरुवात केली. हितं जीप थांबती. ह्यो दिवा, आत्ता बंद हाय, पण रातच्याला बघ. ही गिरणी. त्यांनी गिरणीवाल्याला मुद्दाम गिरणी चालू करून दाखवायला लावली, आत दाणा नसताना. गयाबाईंनी सगळं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "लई चांगलं केलंत तुमी." अप्पांनी आनंदानं त्यांच्या हातातली पिशवी घेऊन घरात नेऊन ठेवली. मी तेवढं बघितलं आणि शाळेला गेले.

चारच्या सुमाराला परत आले तर गयाबाई उंबऱ्यावर बसलेल्या. पिशवी शेजारी.

"निघालात?" मी विचारलं.

"निघते, माय. शेरडं बांधून आलेय."

"आवडलं नाही का?"

"खोटं कावून बोलू? समदं हाय हितं. माझ्या गावातली गिरणीबी इतकी जवळ न्हाई. पण सकाळधरनं बसलेय, उंबऱ्यापशी कुत्रं आलं न्हाई. गावाकडं दिस उगवायच्या आत कुणी इरजण मागतंय, कुणी चार मिरच्या मागतंय, कुणी लेकरू टाकून रानात जातंय. वैताग येतो बघ. पण हितं मला कुणाचं कायबी लागत न्हाई आन माझं कुणाला लागत न्हाई. मग मी हितं करू काय?" त्या हसल्या. "फडावर ना दिवा, ना पाणी. पर खोपीला खोपी लागून असायची. सोयी हुडकाव्या लागायच्या, माणसं आपल्यासंगट आलेली असायची. ह्यांनी हितं नेमकं उलटं केलं."

मागं अप्पा चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "चहा घ्या," एवढंच म्हणाले. मग गयाबाईंना फाट्यावर सोडायला गेले. जीप लगेच थांबली. थांबायची सवय त्यांनीच लावलेली.

त्यानंतर अप्पांचं दळण मागायला येणं बंद झालं. आम्हाला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. घर विचारत आलेल्या एका माणसाला त्यांनी सरळ बोट दाखवून आमचं घर दाखवलं, तेव्हा मला खरंच भीती वाटली.

मग एका रविवारी ते गेटपाशी येऊन उभे राहिले.

"बाई, एक काम होतं."

"अर्जावर सही हवी का?"

"न्हाई." ते पायातल्या चपलेकडं बघत होते. कचेऱ्यांमधून मोठ्या साहेबांशी न लाजता बोलणारा हा माणूस. "गयी आली, तर तिच्याकडं कायतरी मागायला येचाल का?"

"काय मागू?"

"कायबी. इरजण मागा. समद्या घरी जाऊन आलो. लोक हसले. हसू द्या." मग म्हणाले, "बाई, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. एकटा माणूस म्हंजी अर्धा कोयता. अर्धा कोयता घ्यायला मुकादम कां-कूं करतो. एकट्यानंच तोडायचं, एकट्यानंच मोळी बांधायची, उचलून द्यायला कोण न्हाई. म्या हितं घर झाल्यापून अर्धाच हाय."

"येते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी अंगणात फोन लागला. या वेळी सोयींचं नाव नाही.

"गये, शाळेतल्या बाईंकडं इरजण न्हाई. त्यांचं दही लागंना झालंय. घिऊन येतीस का?"

पलीकडनं, "माय, मग त्यांची लेकरं खात्यात काय?"

"कुणास ठावं."

"उद्या येते."

आमच्या फ्रिजमध्ये घरी लावलेल्या दह्याची वाटी होती. ती मी ह्यांच्या पानात रिकामी केली. ह्यांनी कारण विचारलं नाही, साखर मागितली.

गयाबाई जीपमधून आल्या त्या मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेली इरजणाची किटली धरून. आणि मग आमच्या कॉलनीनं जे नाटक केलं, ते मी विसरणार नाही. ज्या बायका मला दोन वर्षांत नावानंही माहीत झाल्या नव्हत्या, त्या वाट्या घेऊन एकेक करून यायला लागल्या. एकीला घाईत काय मागायचं तेच आठवेना, तिनं साखर मागितली. गयाबाईंनी तिला गूळ दिला आणि इरजणही दिलं. मला तर त्या माझ्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, दुधात बोट घातलं आणि झापलं, "इतक्या कढत दुधाला इरजण लावत्यात व्हय? शिकलेल्या ना तुमी?" मी मान खाली घातली. आमचं दही वर्षानुवर्षं लागत आलंय, हे सांगायची सोय नव्हती. दोन घरांत त्या बसून चहा प्याल्या. एका घरातलं लेकरू कडेवर घेऊन फिरल्या. अप्पा लांबून, गिरणीच्या आडोशाला उभं राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं गेट वाजलं. अप्पा. हातात रिकामी वाटी.

"किटली कालच मोकळी झाली, बाई. वाटता वाटता तिनं स्वतःला ठिवलंच न्हाई." त्यांनी वाटी पुढं केली. "गयीनं धाडलंय. म्हणली, बाईंचं कालचं लागलं असंल, त्यातलं चमचाभर आणा."

मी आतून वाटीत दही घालून आणलं. चमचाभर मागितलं होतं, मी अर्धी वाटी घातली. अप्पांनी ती दोन्ही हातांनी धरली. निघाले, दोन पावलं गेले आणि मागं वळले.

"दूध कोमट करून ठिवलंय तिनं," ते म्हणाले. "सकाळच्याला दही पायजे म्हणती."