म्हाताऱ्या स्कॅनरचा गाडा घरी परतला ते वर्तमान

“द्वारके, यंत्रास हुकूम द्यावा आणि त्याचे उत्तर ऐकावे. त्याच्या वतीने आपण उत्तर देऊ नये.” हा कैलासवासी गुरू केसोपंतांचा शब्द द्वारकाबाईंचे कानी नित्य राहात असे.

श्री. उजेडाची देवता प्रसन्न असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, माघमासी, सोमवारी, उघड्या दाराच्या राज्यात अद्भुत वर्तले, ते ऐकिजे. राज्य कैसे? तर तेथील विद्येस कुलूप नाही. कोणीही यावे, लिहिलेले वाचावे, चुकले सुधारावे आणि फुकट घेऊन जावे. आणि राज्याचे काम ऐसे, की काचेवरील वस्तू पाहून संगणकात चित्र उतरविणारी जी स्कॅनर यंत्रे, त्यांस सारथी लिहून द्यावा. संगणकाचा हुकूम यंत्रास आणि यंत्राचा शब्द संगणकास पोहोचवील, तोच सारथी. यंत्रे नाना जातींची आणि सारथी एक, म्हणून लिहिणारांचा जीव टांगणीस असे.

त्या दिवशी सकाळी वेशीपाशी गोदूबाई शिवणकरीण मुके यंत्र मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांस सारथी लिहिणाऱ्या द्वारकाबाई म्हणाल्या, “सोमवार सोडण्याआधी तुमचे पाहीन हो.” आणि आत गेल्या, तो भागोजी वैदू डोंगरापलीकडून म्हातारे यंत्र पाठीशी बांधून आलेले. पेटीत आज्याच्या हातची वाळली औषधी पाने, आणि त्यांतील एका वेलीचे पान आता रानात उरले नाही. भागोजी म्हणाले, “आक्का, ह्ये पान येकदाच काचंवर निजंल. पुन्यांदा उचललं की भुगाच. आन् तुमचा सारथी तर मधीच मान टाकतोय.” खरेच, ते यंत्र अर्धे चित्र काढी, मग दिव्याचा गाडा काचेखाली अडकून कर्रकर्र ओरडे आणि संगणकासकट सर्व थिजून जाई.

मुख्य कारभारी जिवाजीराव सभेत बोलिले, “हा म्हातारा घोडा. याच्यापायी साऱ्या पागेची चाल बिघडते. यास राज्यातून निरोप द्यावा.” आणि बाईंकडे पाहून हसले, “का बाई, उपासाने यंत्र बरे होते?”

“यंत्र नाही होत, राव. पण मला वाट पाहणे जमते. दिवेलागणीपर्यंत थांबावे.”

मग दुपारी बाईंनी देवापुढे दूधसाखर ठेविली, पडदा ओढिला आणि डोळे मिटले. त्यांच्या माहेरची रीत ऐसी, की पडदा काढण्याआधी हलकी टाळी वाजवून देवास पुसावे, ‘झाले का जेवण?’ टाळीस हात उचलिले आणि तैसेच राहिले. सारथी कधी पुसतच नव्हता! तो मनाशी आकडे मोजी, आणि आकडे सरले की दिवा तापला, गाडा घरी आला ऐसे आपणच धरून चाले. म्हाताऱ्याचा गाडा अर्ध्या वाटेवर असता दुसरा हुकूम त्याचे माथी पडे. मोजणी वाढवावी, तर तरणी यंत्रे उगीच खोळंबत. मग बाईंनी मोजणी काढिली आणि लिहिले, की प्रत्येक हुकुमाआधी सारथ्याने यंत्रास ‘झाले का?’ ऐसे पुसावे, आणि यंत्र कायमचे मुके राहिले, तर सर्वांस घेऊन न बुडता तैसे सांगून बाजूस व्हावे.

दिवेलागणीस भागोजींनी श्वास धरून पान काचेवर निजविले. दिवा फिकट लागला. सारथ्याने पुसले, उत्तर नाही. पुन्हा पुसले, उत्तर नाही.

“मेले!” जिवाजीराव म्हणाले.

“मेले नाही,” बाई म्हणाल्या, “जेवते आहे.”

आणि उजेड भरला, आणि गाडा काचेखालून ऐसा निघाला की जणू पहाट चालत यावी, आणि संगणकाच्या पडद्यावर त्या पानाच्या शिरा डोंगरावरून दिसणाऱ्या नद्यांसारख्या उतरू लागल्या, आणि कडेस किड्याने खाल्लेली नखाएवढी खिडकीही उतरली, आणि गाडा घरी परतून टक् ऐसा वाजला. मग तरणी यंत्रे लाविली, तीही न खोळंबता धावली. भागोजींनी पान उचलिले, तो ओंजळीत भुगा जाहला. ते चित्राकडे पाहात राहिले आणि म्हणाले, “ऱ्हायलं. आज्याचं पान ऱ्हायलं.” जिवाजीरावांनी पगडी सारखी केली आणि सारथ्यात बाईंचे लिहिणे स्वहस्ते रुजू केले.

तात्पर्य, जो पुसतो त्यास म्हातारेही उत्तर देते. इतके वर्तमान.

आत पाने वाढिली आणि “बाई, सोमवार सोडा,” ऐसी हाक जाहली, तो बाईंचा पाट रिकामा. त्या पदर खोचून वेशीकडे निघाल्या होत्या.