कोंबडीचं तोंड आणि शेवटचं गाणं

“माझ्यावाचून या कंपनीचं पान हलत नाही!” टॅक्सीत बसल्या बसल्या फान शू-वेईनं जाहीर केलं.

त्याची मॅनेजर मेइ-फांग ताई नुसतीच “हं” म्हणाली. वीस वर्षं विरहाची गाणी गाऊन त्यानं अख्ख्या तैपेईला धो धो रडवलं होतं, खोटं कशाला बोला! पण यंदाच्या अल्बमला कुत्रं विचारत नव्हतं, आणि रेकॉर्ड कंपनीचे मालक कुओशेठ यांनी नाचऱ्या पोरांचा एक कंपू आणून ठेवला होता. म्हणून तर हा एवढा बडबडत होता.

कंपनीची वर्षअखेरची मेजवानी. शेठच्या टेबलावर अख्खी उकडलेली कोंबडी आली. तिचं तोंड ज्याच्याकडे, त्याला नव्या वर्षी नारळ, असा जुना रिवाज! हल्ली कुणी तो पाळत नाही म्हणा. शेठनी हसत हसत तोंड स्वतःकडे वळवलं आणि ते दुसऱ्या टेबलांवर पेले भिडवायला निघून गेले.

त्याच टेबलावर बसलेला शू-वेई तेव्हा मोबाइलमध्ये बघून केस नीट करत होता. मान वर करतो तर काय! चोच थेट त्याच्या छातीवर!

त्यानं हळूच टेबलाची फिरती चकती ढकलली. चोच नाचऱ्या पोरांकडे गेली. त्यातल्या एकाला मासा हवा होता. त्यानं चकती गरकन फिरवली. चोच पुन्हा शू-वेईकडे! त्यानं पुन्हा ढकलली. मग ताईला कोळंबी हवी झाली. चोच हजर!

“अरे, तोंड का पांढरं पडलंय तुझं?” ताई म्हणाली. “ऊठ, गाण्यासाठी तुझं नाव पुकारलं!”

हाकललं जाण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं! तो मंचावर चढला आणि माइक घट्ट धरून म्हणाला, “हे माझं शेवटचं गाणं. उद्यापासून मी गाणं सोडतोय.”

शेठच्या हातातला पेला खाली पडला. शू-वेई असा गायला, असा रडला, की वाढपीसुद्धा थाळ्या ठेवून डोळे पुसायला लागले. शेकडो मोबाइल वर झाले. गोडाची वाटी येईपर्यंत सगळ्या तैवानला कळलं होतं!

“अरे, सोडायचं होतं तर आधी मला सांगायचंस!” शेठ ओरडले.

“तुम्हीच काढलंत ना मला? ती कोंबडी...”

“कोंबडी? ती मी माझ्याकडे वळवली होती, गाढवा!”

“पहिल्यांदाही मीच चकती फिरवली, मला कोळंबी पोचत नव्हती,” ताई पुटपुटली.

शू-वेईला आनंदानं रडू फुटलं. “मग मी सांगून टाकतो, गैरसमज झाला म्हणून!”

“खबरदार!” शेठ गरजले. “स्टेडियमवाल्यांचा फोन आलाय. निरोपाचा कार्यक्रम मागतायत!”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकूण एक तिकीट खपलं. एवढी गर्दी त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आता निरोप घेऊन घरी बसलं नाही, तर लोक जोड्यानं मारतील! जगात आपल्याला थांबवणारं एकच माणूस उरलंय, असं वाटून त्यानं तैनानला राहणाऱ्या आईला फोन लावला.

“आई, मला नाही गं गाणं सोडायचं! तू म्हणालीस तर आत्ता सगळं रद्द करतो.”

“वेडा आहेस का?” आई कडाडली. “सगळ्या गल्लीची तिकिटं मी काढलीत, आणि ते लोक परत घेत नाहीत!”