दहा पावलांच्या आतली सोबत

एका जंगलात कुणीही कुणाला न विचारता काही करत नसे. असं जंगल कुठे आहे, ते विचारू नका मुलांनो. विचारायचंच असेल तर आधी हात वर करा.

त्या जंगलात दर हिवाळ्यात हैबती नावाचा सापळेवाला यायचा. झऱ्याकाठी आणि पायवाटांवर तो दोरीचे फास मांडायचा. अंगावर मऊ, दाट केस असलेला प्राणी फासात अडकला, की दिवस कलताना येऊन तो त्याला पोत्यात घालायचा. पुढे त्या कातड्याच्या टोप्या व्हायच्या. मधे काय व्हायचं ते मी सांगत नाही. तुम्हाला झोप लागायला हवी, आणि मलाही.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं जंगल, मग त्या एकट्या माणसाला हाकलून का नाही दिलं?

कारण त्याने परवानगी मागितली होती. आधीचे सापळेवाले सरळ घुसायचे. हैबती मात्र पहिल्या दिवशी वेशीवर चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "आपली हरकत नसेल तर चार फास मांडीन म्हणतो."

जंगलाची हरकत आहे का, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना इतका मान वाटला, की हरकत घ्यायचं राहूनच गेलं. अध्यक्ष गवारेड्याचे तर डोळे भरून आले. त्याने स्वतःच्या खुराचा शिक्का मारून पळसाच्या पानावर परवाना दिला.

तेव्हा फासांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती हैबतीबरोबर येणाऱ्या माणसांची. एकाच्या खांद्यावर पोतं, एकाच्या हातात काठी, आणि एक तर नुसताच रेडिओ लावून बसायचा. विड्या ओढायचे, पुड्या फेकायचे. दुपारच्या झोपेचं पार खोबरं झालं.

सभा भरली. एक ससा उठून म्हणाला, "माझे दोन भाऊ फासात गेले. फास बंद करा."

"तुमच्या भावना समजतात," गवारेडा म्हणाला. "पण आजचा विषय आवाजाचा आहे. भावांचा विषय पुढच्या सभेत घेऊ."

पुढच्या सभेला ससा आला नाही. तो फासात होता. विषय मांडणारंच कुणी नसल्यामुळे विषय निकालात निघाला.

आवाजाचा विषय मात्र जंगलाने फार मनावर घेतला. सापळेवाल्याच्या सोबत्यांनाही परवाना लागेल, असं ठरलं. परवान्यासाठी अर्ज, अर्जाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला, दाखल्यावर दोघांच्या सह्या. सोबत्याने फासाला हात लावायचा नाही. परवाना नसलेला सोबती सापडला तर त्याला जंगलाबाहेर काढायचं, आणि काढायची जबाबदारी ज्याचा तो सोबती त्याची.

हे सगळं लिहून काढलं घोरपडे भाऊसाहेबांनी. हे जंगलाच्या कचेरीतले कारकून, स्वतः घोरपडच. घोरपड एकदा भिंतीला चिकटली की सुटत नाही, तसे भाऊसाहेब खुर्चीला.

नियम लागू झाला त्याच दिवशी रखवालदार टिटवीने रेडिओवाल्याला अडवलं. "परवाना? परवाना?"

"मला कशाला परवाना?" तो म्हणाला. "मी सोबती नाही. मी मेव्हणा आहे."

टिटवी गडबडली. नियमात मेव्हणा नव्हता. भाऊसाहेब तीन दिवस विचार करत बसले. मग त्यांनी असं कलम लिहिलं, की ज्यातून मेव्हणा काय, त्याचं भूतसुद्धा सुटू नये: 'फासापासून दहा पावलांच्या आत आढळणारा, सापळेवाला सोडून अन्य कोणताही जीव, म्हणजे सोबती.'

झालं. मेव्हणा यायचा बंद झाला. पोतंवाला, काठीवाला, सगळेच बंद झाले. एवढे कागद कोण करणार? जंगलात शांतता झाली. भाऊसाहेबांचा सत्कार झाला. हैबती आता एकटाच यायचा, गुपचूप फास मांडायचा आणि गुपचूप पोतं भरून न्यायचा. सगळे म्हणायचे, नियम असावा तर असा.

आता यमूबाईची गोष्ट ऐका.

यमूबाई म्हणजे सायाळ. अंगभर काटे, पण जीव चिमणीएवढा. पान पडलं तरी दचकायची. दचकली की पाठीवरचे काटे उभे राहून खडखड वाजायचे, आणि त्या आवाजाने ती पुन्हा दचकायची. हसू नका. काही जणींचं असतं असं.

एका सकाळी ती झऱ्यावर गेली, तर काठाला इंदी अडकलेली. इंदी म्हणजे पाणमांजर, यमूबाईची शेजारीण. मागच्या पायाला फास, आणि जितकी ओढावी तितकी दोरी आवळत जाणारी.

"मावशी," इंदी म्हणाली, "बरं झालं तूच आलीस. कुरतड ना ही दोरी. पिल्लं बिळात उपाशी आहेत गं."

दोरी कुरतडणं हे सायाळीच्या दातांना काहीच नाही. सुपारी कातरावी तितका वेळ. यमूबाई लगबगीने निघाली.

"परवाना? परवाना?" वरून टिटवी ओरडली.

यमूबाईचे काटे खाडकन उभे राहिले. ती जागच्या जागी थांबली. अकराव्या पावलावर.

इथे तुम्ही म्हणाल, थांबली कशाला? जायचं सरळ. मुलांनो, तुमच्या मागून अजून कुणी ओरडलेलं दिसत नाही. ओरडलं की पाय आपोआप थांबतात. डोकं नंतर विचारतं, का थांबलो म्हणून. तोवर आपण कचेरीच्या वाटेला लागलेलो असतो.

यमूबाईही लागली.

"भाऊसाहेब, लवकर करा हो," ती कचेरीत धापा टाकत म्हणाली. "दिवस कलला की हैबती येईल."

"मग उत्तमच झालं. त्याची सही लागतेच." भाऊसाहेबांनी अर्ज पुढे सरकवला. "इथे, खाली. 'सदर जीव माझा सोबती असण्यास माझी हरकत नाही.'"

"अहो, पण मला त्याच्याच फासातून इंदीला सोडवायचंय!"

"कारण या रकान्यात. उचलणे, धरणे, वाहून नेणे. यातलं काय?"

"सोडवणे."

"नाहीये."

"इतर?"

"इतर आहे. पण इतरला सभेची मंजुरी लागते. आणि बाई, काटे जरा आवरा. कागदांना भोकं पडतायत."

यमूबाईने काटे आवरले. डोळे काही आवरेनात. एरवी ती कचेरीत मान वर करून बोलत नसे, पण आता तिच्या तोंडून निघून गेलं, "आणि इंदीचं काय मग? ती सकाळपासून आहे दहा पावलांच्या आत. तिच्याकडे कुठाय परवाना?"

भाऊसाहेबांची जीभ बाहेर आली आणि बाहेरच राहिली.

"काय सांगता? सकाळपासून? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

यमूबाईला एकदम आशा वाटली. "म्हणजे तिला तिथून हलवावं लागेल ना?"

"तत्काळ!" भाऊसाहेब म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवरून उठले.

बातमी पसरली. दुपारपर्यंत अख्खं जंगल झऱ्यावर जमलं. गवारेडा आला, रानडुकरं आली, अस्वल आलं. नियम पाळून सगळे अकराव्या पावलावर गोल करून उभे राहिले. मधोमध इंदी.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "इंदी, राहणार झऱ्याकाठ. तुझ्याकडे परवाना आहे?"

"कसला?"

"सोबतीचा."

"कुणाच्या?"

"हैबतीच्या."

"भाऊसाहेब, मी त्याच्या सोबत नाही हो. मी त्याच्या फासात आहे!"

"मेव्हणाही असंच काहीतरी म्हणाला होता," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी लिहून घेतलं.

"आता तिला हलवा ना," यमूबाई म्हणाली.

"हलवणारच. हैबतराव आले की."

"हैबती? तो कशाला?"

"कलम तुम्हाला माहीत नाही का? विनापरवाना सोबत्याला बाहेर काढायची जबाबदारी ज्याचा सोबती त्याची. ती काय आमची सोबती आहे?"

इंदीला पोत्यात जायला जो कागद कमी पडत होता, तो यमूबाईनेच जाऊन भरून दिला होता. इंदी तिच्याकडे बघत होती.

दिवस कलला. खांद्यावर पोतं टाकून हैबती एकटाच आला आणि समोरचं दृश्य बघून त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. शिंगं, सुळे, नख्या, सगळं जंगल उभं. त्या वेळी कुणी नुसतं फुरफुरलं असतं तरी तो पोतं टाकून जो पळाला असता तो थेट घरी जाऊन कडी लावून बसला असता.

"या हैबतराव," गवारेडा म्हणाला. "तुमची एक तक्रार आली आहे."

हैबतीने डोळे मिटून घेतले.

"तुमच्यासोबत विनापरवाना एक जीव आढळला आहे."

हैबतीने एक डोळा उघडला. इंदीकडे पाहिलं. दुसरा उघडला. "चुकलं साहेब," तो हात जोडून म्हणाला. "पुन्हा नाही होणार. आत्ता घेऊन जातो."

"पाहिलंत?" गवारेडा सगळ्यांना म्हणाला. "याला म्हणतात सहकार्य."

हैबती वाकला. त्याने पोत्याचं तोंड उघडलं.

"मावशी," इंदी हळूच म्हणाली, "पिल्लांना मासे मऊ करून द्यावे लागतात. अजून दात नाहीत त्यांना."

यमूबाईचा एक पाय नकळत पुढे पडला. दहावं पाऊल.

"परवाना? परवाना?" टिटवी तिच्या कानाशीच ओरडली.

यमूबाई अशी दचकली, अशी दचकली, की आयुष्यात कधी दचकली नव्हती. आणि सायाळ फार दचकली की काय करते माहीत आहे? पाठ फिरवते, काटे फुलवते आणि उलट्या पावली धावत सुटते. कुठे, ते तिला दिसत नाही.

"नऊ! आठ! सात!" टिटवी मोजत होती. "अहो बाई! चार! तीन!"

यमूबाई पाठमोरी जाऊन हैबतीच्या पोटऱ्यांवर आदळली. पाऊणशे काटे आत गेले. हैबतीने जी बोंब ठोकली ती दोन डोंगर पलीकडे ऐकू गेली. तो लंगडत, उड्या मारत, आईला हाका मारत पळून गेला. पोतं तिथेच राहिलं.

यमूबाईने डोळे उघडले. ती फासाशीच होती. अंग थरथरत होतं, पण दात जागेवर होते. ती दोरी कुरतडू लागली.

"थांबवा तिला!" गवारेडा ओरडला.

"थांबवा, थांबवा!" रानडुकरं ओरडली.

कुणीच थांबवलं नाही. थांबवायचं तर दहा पावलांच्या आत जावं लागत होतं, आणि परवाना कुणाकडेच नव्हता.

दोरी तुटली. इंदीने यमूबाईच्या नाकाला नाक लावलं. लावायला तेवढीच बिनकाट्याची जागा होती. अंधार पडायच्या आत इंदी, तिची पिल्लं आणि यमूबाई झऱ्याच्या कडेकडेने जंगलाची हद्द ओलांडून निघून गेली. त्यासाठी कुणाला विचारायचं असतं, हे यमूबाईला रस्ताभर आठवत होतं. ती दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होती. पण चालत होती.

इकडे तातडीची सभा भरली. यमूबाईचा निषेध झाला. हैबतीला दिलगिरीचं पत्र गेलं. 'आमच्याच एका बेशिस्त सदस्येमुळे आपल्याला झालेल्या यातनांबद्दल' असं त्यात होतं. मग मूळ मुद्द्यावर चर्चा झाली. दहा पावलं कमी पडली, हे सगळ्यांनाच पटलं. दहाची शंभर करण्यात आली.

घरी गेल्यावर प्रत्येकाने पावलं मोजली. जंगलात जिथे जावं तिथे शंभर पावलांच्या आत कुठला ना कुठला फास होताच. म्हणजे आता सगळेच सोबती. सगळ्यांनाच परवाना हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कचेरीपुढे रांग लागली. पार झऱ्यापर्यंत गेली. हरणं, ससे, उदमांजरं, मुंगसं, सगळी एकामागे एक, हातात अर्ज घेऊन.

आठवड्याभराने हैबती आला. अजून लंगडत होता, त्यामुळे लांब लांब हिंडणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने रांग पाहिली. शेजारी बसून त्याने रांगेलगतच फास मांडायला घेतले.

"हा आपल्याच पायाशी मांडतोय," एक मुंगूस पुढच्या सशाला म्हणालं. "जरा बाजूला व्हायचं का?"

"व्हा ना," ससा मागे न बघता म्हणाला. "पण नंबर गेला तर मला सांगू नका."

मुंगूस जागेवरच राहिलं.

त्या वर्षीच्या अहवालात भाऊसाहेबांनी लिहिलं, की जंगलात एकही विनापरवाना सोबती उरलेला नाही. ते अगदी खरं होतं. परवाना असलेलेही फारसे उरले नव्हते.

तात्पर्य: संकटात सापडलेल्याला मदत जरूर करावी, पण नियमात बसेल तेवढीच. नियमात बसणाऱ्या मदतीने संकटाला कुठेही इजा होत नाही.