पुढच्या चाकांचा भरवसा

चिखलात जायची ज्याला मुळीच इच्छा नसते, त्यालाच चिखलातून निघणाऱ्या गाडीची सर्वाधिक गरज असते. मानवी प्रगती याच पायावर उभी आहे.

त्याच पायावर उभं राहून एका चष्म्यांच्या दुकानदाराने सैन्यातून निवृत्त झालेला ट्रक लिलावात घेतला. घर ते दुकान रस्ता गुळगुळीत डांबरी. वाटेत एकच चढ (तोही पायी चालताना जाणवत नसे). ट्रक दारात आला त्या दिवसापासून लोक त्याला मेजर म्हणू लागले. त्याने हरकत घेतली नाही. सैन्यात गेलो असतो तर एव्हाना झालोच असतो, असं त्याला मनापासून वाटे.

अशा जुन्या ट्रकची रचना थोर असते. एरवी मागची चाकं ढकलतात, पुढची नुसती फिरतात. मागची घसरली, की पुढच्या चाकांना जोडणाऱ्या आसाने आपण होऊन कामाला लागायचं. पण उतारवयात आसाचा स्वभाव बदलतो. मेजरचा आस मैदानातल्या ओल्या मातीत ढिम्म बसायचा आणि कोरड्या डांबरावर, नेमका भाजीच्या गाडीपाशी वळताना, जागा व्हायचा. मग स्टेअरिंग दगड होई आणि भाजीवाली टोपलीसकट फुटपाथवर चढे.

"थेट तुमच्या भावांसारखा आहे," बायको म्हणाली. "गरज असली की गप्प, नसली की पुढे."

गॅरेजवाल्या उस्तादाने ट्रकखालूनच निदान केलं. आसाला स्वतःचं मत होतं, हीच मूळ चूक. ते काढून घेण्यात आलं आणि केबिनमध्ये हवेच्या दाबावर चालणारी खटकी बसवण्यात आली. दाबली की फूस्स, हिरवा दिवा, आणि चारही चाकं मेजरच्या हुकमात.

दर रविवारी उभ्या ट्रकात खटकी दाबण्याचा कार्यक्रम होऊ लागला. फूस्स झालं की शेजारी टाळ्या वाजवत. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर डोळे पुसले (चष्मा मेजरच्याच दुकानातला, त्यामुळे कारण नक्की सांगता येत नाही). ट्रक जरा हलवून बघा, असं कोणी सुचवलं नाही. यशाला धक्का लावू नये, एवढं सगळ्यांनाच कळतं.

मग नदीला पूर आला. पाणी ओसरलं तेव्हा खालची आळी गुडघाभर चिखलात होती, आणि आळीच्या टोकाच्या घरात मेजरच्या सासूबाई तापाने फणफणत होत्या. रुग्णवाहिका कोपऱ्यावरूनच परत फिरली.

"काढा ट्रक," बायको म्हणाली.

मेजरने ट्रक आळीच्या तोंडाशी आणला. खटकीवर बोट ठेवलं आणि समोर पाहिलं. इतका योग्य चिखल त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्याने इंजिन बंद केलं.

"आणीबाणीसाठी ठेवलंय हे."

"आणि ही काय आहे? माझी आई कण्हतेय तिथे!"

"याहून मोठी येऊ शकते."

मेजरचा आवाज अगदी खाली गेला. "आणि समज, आस नाही लागला तर?"

"तर कळेल तरी!"

नेमकं तेच मेजरला नको होतं. नवी खटकी बसल्यापासून त्याचा आस एकदाही नापास झाला नव्हता.

बायकोने चपला हातात घेतल्या, दूधवाल्याला हाक मारली आणि दोघं चिखलात उतरली. आईच्याच घराचं दार बिजागऱ्यांवरून काढून, त्यावर आईला निजवून, त्यांनी ओढत आणलं. दार चिखलावरून सुरेख घसरलं (दाराला पुढचा आस नसतो).

डांबर लागल्यावर मात्र मेजर मागे हटला नाही. दूधवाल्याला पाय पुसायला लावून सगळ्यांना वर घेतलं, हॉर्न वाजवत दवाखाना गाठला आणि फाटकापाशी, थांबल्यावर, खटकी दाबली. फूस्स. हिरवा दिवा. वेळेला ट्रक होता म्हणून निभावलं, असं सगळं गाव म्हणालं. बायको काहीच म्हणाली नाही, आणि अजूनही म्हणत नाही (इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नसेल, असं मेजरचं मत आहे).

आता उस्तादाकडे खटकीसाठी रांग लागते. ज्यांच्याकडे ट्रक नाही तेही उभे असतात. वाचकांनीही जरूर यावं. फक्त, सासूबाईंचा ताप उतरला का, हे विचारायचं ज्यांच्या मनात आलं होतं, त्यांनी रांगेतून बाहेर व्हावं. त्यांना खटकीची गरज नाही.

काय? कोणीच हलत नाही?

बरं. मग जरा पुढे सरका.