कपाटाची सुरक्षित खरेदी

ऑनलाइन व्यवहारात मला फसवणारा माणूस अजून जन्मायचाय! आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, घरचा पत्ता सांगायचा नाही, आणि भेटायचं ते दिवसाढवळ्या, चार माणसांत. गेल्या महिन्यात तांपेरेत नव्या घरात आलो तेव्हा बायकोला मी हेच समजावत होतो.

"कळलं रे कालेर्वो," सिर्का म्हणाली, "पण माझे सगळे कोट सॉनात लटकताहेत आणि आज शनिवार, तिथं वाफ घ्यायचा दिवस. कपाट कधी आणतोस?"

कपाट मी हेरूनच ठेवलं होतं. अस्सल ओकचं, अवघे साठ युरो! विकणारा कुणी तोर्स्ती. मी लिहिलं, "घरी येऊन बघू का?" उत्तर आलं, "अनोळखी माणसाला पत्ता देत नाही." वा! माणूस माझ्याच तालमीतला! शेवटी ठरलं: तम्मेलाचा बाजार, अकरा वाजता, रक्ताच्या सॉसेजच्या टपरीसमोर.

पेट्रोल पंपावरून भाड्याचा ट्रेलर गाडीला जोडून आम्ही पोचलो. चौकात ट्रेलरवर कपाट उभं, शेजारी साठीचा तोर्स्ती कंबर धरून.

"दोन मजले एकट्यानं उतरवलं हो!" तो कण्हला.

आम्ही ते त्याच्या ट्रेलरवरून आमच्या ट्रेलरवर चढवलं. माझ्या पाठीत असा आवाज झाला की टपरीवाली म्हणाली, "काय मोडलं? कपाट की तुम्ही?" पैसे दिले, हात मिळवला, निघालो.

दोन सिग्नल ओलांडले आणि सिर्का म्हणाली, "तो मागे येतोय."

आरशात बघतो तर खरंच तोर्स्ती! मी डावीकडे वळलो, तोही डावीकडे. मी पुढच्या गोल चौकाला तीन फेऱ्या मारल्या. तो चौकाच्या तोंडाशी थांबला, आणि मी बाहेर पडल्यावर पुन्हा मागे!

"पत्ता शोधतोय आपला! आता रात्री येऊन कपाट परत नेईल!"

"ते उचलून?" सिर्का जांभई देत म्हणाली. "नेऊ दे. घरी चल, थकले मी."

आमच्या इमारतीसमोर थांबलो. मागोमाग तोही थांबला. मी फोन हातात घेऊन उतरलो. तोही फोन घेऊनच उतरला!

"माझा पाठलाग का करताय?" मी ओरडलो.

"मी? तुम्हीच माझ्या दारात आलात! पत्ता कुणी दिला तुम्हाला?"

"हे माझं घर आहे!"

"माझं आहे! दुसरा मजला, बावीस वर्षं झाली!"

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. महिनाभरात शेजाऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. लिफ्ट नाही. तिघांनी कपाट उचललं. दुसऱ्या मजल्यावर, ते सकाळी जिथून निघालं त्याच दारासमोर, आम्ही धापा टाकत टेकवलं.

"इतकं छान कपाट विकलंत का हो?" सिर्कानं विचारलं.

"घरच सोडतोय," तोर्स्ती खिन्नपणे म्हणाला. "वर कुणीतरी नवं आलंय, रोज पहाटे सहाला अकॉर्डियन वाजवतं. तेही एकच गाणं, तेही चुकीचं! झोप उडाली माझी. तुमच्या शेजारचाच असणार तो. तुम्हाला नाही त्रास होत?"

"होतो ना!" मी म्हणालो. "लोकांना काही अक्कलच नसते!"

सिर्कानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आम्ही कपाट पुन्हा उचललं, आणि तिनं तिच्या बाजूचा कोपरा शांतपणे माझ्या पायावर सोडला.