हिराजीची जीभ

सन १९९४. मी त्रेसष्ट वर्षांचा, शाळा दुसरीपर्यंत. त्या साली आमचा शेजारी हिराजी खाडीवरचा पूल चाटायचा.

खोटं नाही सांगत. ओहोटी लागली की खाली उतरायचा, खांबाच्या केसाएवढ्या भेगेला जीभ लावायचा आणि वर येऊन गावाला सांगायचा, "मीठ शिरलंय. आतला लोखंडी गज गंजतोय. गंजला की फुगतो, फुगला की सिमेंट फोडतो."

तरुणपणी त्या पुलाचे गज यानं वाकवले, म्हणून पूल याचा! आणि मी? चाळीस वर्षं मिठागरात. पाणी जिभेवर घेऊन मीठ कधी धरेल ते सांगणारा मी. तरी माणसं त्याच्याभोवती. पेणच्या एसटीचा ड्रायव्हरसुद्धा गाडी थांबवून विचारी, "हिराजीशेठ, जाऊ ना पुलावरून?"

मी म्हणायचो, "मीठ कुजवत नाय, टिकवतं. सुकी मासळी टिकते, मग पूल का नाय?"

"म्हादू, पुलाचं कालवण करतोस व्हय?" हिराजी म्हणायचा. गाव हसायचं.

एकदा रोह्याहून बांधकाम खात्याचे साहेब आले. भेगेवरचा पांढरा थर खरवडून म्हणाले, "हा सिमेंटचा चुना. वरून गिलावा मारू."

"मीठ हाय," हिराजी अडला. "खांब फोडून गज बघा."

साहेब त्याला बाजूला घेऊन बोलले आणि उद्या येतो म्हणाले. इथंही मान त्यालाच!

संध्याकाळी आमच्या घरून त्याच्याकडे कालवण गेलं. एकटाच तो, बायको जाऊन दोन वर्षं. मग आम्ही जेवायला बसलो तर कालवणात मीठच नाही! मी हात न धुता त्याच्या दारात. वाटी चाटूनपुसून साफ.

"कसं होतं?"

"झकास! वहिनीचं मीठ नेहमीच बेतात."

"मीठ नव्हतंच, हिराजी!" मी टाळी वाजवली.

तो हसला नाही. "बायको गेली त्या तापात मीपण पडलो होतो. तेव्हापासून चव नाय. भेगेतला गंजाचा तांबडा डाग बघून सांगतो मी."

"मग चाटतोस कशाला?"

"चाटलं की लोक जवळ येतात रे." वाटी माझ्या हातात देत म्हणाला, "साहेबाला तुझं नाव सांगितलंय. मीठ ओळखील तर म्हादूच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला मी साहेबांच्या देखत खाली उतरलो आणि भेगेला जीभ लावली. मीठच. थुंकलो आणि वरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "हिराजीची जीभ खरी हाय!"