सासऱ्यांच्या गाडीतला पिवळा दिवा

सासऱ्यांची गाडी परत करताना टाकी भरून द्यायची, असं जावईबापूंनी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

टाकी भरा असं कुणी म्हटलंही नव्हतं. पण थोरल्या जावयाने नुसतं खाकरलं तरी सासरे किल्ली त्याच्या हातात ठेवत, आणि धाकट्याला (म्हणजे आपल्या या जावईबापूंना) लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा गाडी मिळाली होती. तीही 'बघू, कशी वापरता ते' असं ऐकून. किल्ली पुन्हा कधी मिळणार की नाही, याचा निकाल आज लागायचा होता.

म्हणून पंपावरच्या माणसाला त्यांनी टाकीच्या झाकणाला हातही लावू दिला नाही. "राहू दे, मी लावतो. सासऱ्यांची गाडी आहे!" आणि झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तितक्या हळुवारपणे त्यांनी ते झाकण लावलं.

अर्ध्या वाटेत समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

"अगं, इंजिन गेलं!"

"गाडी तर चाललीये की," बायको म्हणाली.

"आतून गेलं असेल."

"अहो, ते झाकण घट्ट लावलंत ना? मघाशी पेट्रोल भरलं आणि आता हा दिवा."

जावईबापू समजूतदारपणे हसले. (बायकोला काही समजावून सांगायची संधी वारंवार येत नाही.) "चित्र कशाचं आहे? इंजिनाचं. इंजिन कुठे? पुढे. झाकण कुठे? मागे. काय संबंध?"

त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि आत वाकून पाहिलं. इंजिन जागेवर होतं. याहून खोल तपासणी त्यांना येत नव्हती. शर्टाला काळा डाग लावून ते परत आले, तर दिवा तसाच.

मग त्यांच्यातला कारकून जागा झाला. ऑफिसात तक्रारीचा अर्ज आला की ते तो गठ्ठ्याच्या तळाशी सारत. थोड्या दिवसांनी तक्रार आपोआप थंड होई. गाडीचा कप्पा चाचपला, तर नेमकी काळी चिकटपट्टी हाताला लागली. त्यांनी इवलासा तुकडा तोडून दिव्यावर चिकटवला.

"झालं! गेला दिवा."

बायकोने कपाळाला हात लावला.

सासुरवाडीला पोहोचताच सासरे गाडीत बसले, किल्ली फिरवली, समोर पाहिलं आणि नखाने पट्टी सोलली.

"हे काय, जावईबापू?"

"आईशप्पथ, मी काही केलं नाही हो! नुसती टाकी भरली."

सासरे उतरले, मागे गेले आणि त्यांनी झाकण पिळलं. कट्, कट्, कट्.

"झाकण सैल राहिलं की टाकीतली वाफ निसटते. ते गाडीच्या आतल्या यंत्रणेला कळतं आणि ती दिवा लावते."

"पण तो अजून लागलेलाच आहे!"

"लगेच नाही जात. दोन-चार दिवस गाडी फिरली की जाईल आपोआप."

आपोआप! जावईबापूंनी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं.

सासऱ्यांनी इकडे-तिकडे बघत पट्टी पुन्हा जागेवर चिकटवली. "तुमच्या सासूबाईंना मात्र दिसू देऊ नका. मागे एकदा माझ्याकडून झाकण सैल राहिलं, तर महिनाभर ऐकून घेतलंय मी. कप्प्यात चिकटपट्टी काय उगाच ठेवलीये?"

जावईबापूंना अगदी भरून आलं. थोरला जावई सासऱ्यांच्या इतक्या जवळ कधी पोहोचला असेल? छे! किल्ली आता आपलीच.

तेवढ्यात सासूबाई लेकीची पिशवी घ्यायला आल्या आणि गाडीत डोकावल्या.

"ही पट्टी कुणी लावली?"

"जावईबापूंनी," सासरे ताडकन म्हणाले.

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि किल्ली काढून लेकीच्या हातात ठेवली.

"हवी तेव्हा ने गं गाडी. चालवायची मात्र तू. आणि जावईबापूंना मागे बसवत जा, झाकणावर लक्ष तरी राहील."